पंधरा पौंड हवा

३ फेब्रुवारी

लेखी परीक्षेत पहिली — आणि तरीही नेमणूक नाही!

वाळूच्या पट्ट्यापलीकडच्या हवामान केंद्रावर निरीक्षकाची एकच जागा आहे. शेवटच्या फेरीत दोघे उरलो : मी, आणि तो पैलवान. (हे नाव मी ठेवले आहे. अर्थात मनात.) साहेबांनी माझी गुणपत्रिका एका बोटाने बाजूला सारली. म्हणाले, "केंद्राचा ड्रायव्हर निवृत्त झाला, नवा मिळणार नाही. जो निरीक्षक तोच ड्रायव्हर. पट्टा एकट्याने ओलांडून केंद्रावर पोहोचून दाखवायचं. गाडी चालवता येते?"

"येते."

"वाळूत?"

मी गुणपत्रिका उचलून सरळ केली.

पैलवान म्हणाला, "सर, यांना वाळूची व्याख्या येते." सगळे हसले. मीही हसले. हीच माझी जुनी खोड — माझ्यावरच्या विनोदाला पहिली दाद माझीच!

उत्तर आत्ता सुचते आहे. होय, येते व्याख्या. सुटे कण, एकमेकांना धरून न राहणारे. ज्याला ही व्याख्या कळली, त्याला तिच्यावरून गाडी कशी न्यायची हेही कळेल. चाचणी एक मार्चला.

५ फेब्रुवारी

आईचा विरोध उघड आहे. "तिथे चिटपाखरू नाही! दुखलं-खुपलं तर कुणाला हाक मारशील?"

"चिटपाखरू नाही म्हणजे भांडायलाही कुणी नाही," वहिनी म्हणाली. "मला मिळत असेल तर मीच जाते." आईने तिच्याकडे असे पाहिले, की ती भांडी घासायला उठली.

बाबा खाली टायरच्या दुकानाचे शटर ओढून वर आले, हातांवरचा काळा रबराचा थर बराच वेळ घासत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "माझी गाडी घेऊन जा. फोर-बाय-फोर आहे, इंजिन दणकट आहे. टायर मी बदलून देतो."

बाबा माझ्या बाजूने आहेत! आईने कितीही आदळआपट करावी.

८ फेब्रुवारी

टायरच्या दुकानावर लहानाची मोठी झाले, कॉम्प्रेसरच्या घरघरीत सगळे पाठांतर केले. पण टायर म्हणजे काय हे आज ग्रंथालयात समजले. लाज वाटायला हवी होती. आनंदच जास्त झाला.

बाबा म्हणतात, वाळूला खोल नक्षीचाच टायर. खोल खाचा, जाड ठोकळे, पकड घट्ट. गावातल्या प्रत्येक मोठ्या गाडीला त्यांनी तोच बसवला आहे. पण चिखलात दात हवेत. वाळूत पाऊल हवे! ठोकळे वाळूला धरत नाहीत, उकरतात. बकरीचा खूर रुततो, उंटाचा तळवा तरंगतो. तेव्हा टायर हवा रुंद, उथळ नक्षीचा, बाजूने मऊ. आणि त्यातली हवा निम्म्याहून कमी करायची, म्हणजे तो पसरतो आणि जमिनीवर लांबट टेकतो.

हे मी दुकानात, गिऱ्हाइकासमोर बोलले. बोलून गेले!

"तीस वर्षं टायर विकतोय मी," बाबा म्हणाले. "आणि आता तू मला टायर शिकवणार?"

"हो."

गिऱ्हाइकाचा चहाचा कप ओठांशी थांबला. मी 'हो' मागे घेतला नाही.

९ फेब्रुवारी

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. टायरशी बोलतात.

१२ फेब्रुवारी

संध्याकाळी गाडीखाली जॅक. बाबांनी स्वतः चारही टायर चढवले — रुंद, उथळ नक्षीचे, मी सांगितले तेच. शेवटचा नट आवळून म्हणाले, "घे. तुझ्या गाडीला चपला घातल्यात."

याहून मोठी शाबासकी त्यांच्या कोशात नाही.

१५ फेब्रुवारी

आमचा रस्ता संपतो तिथे वाळू सुरू होते. वहिनी शेजारी बसली. तिला गाडी माझ्यापेक्षा बरी येते, पण वाळूत तीही नवखीच. पस्तीस पौंड होती ती हवा पंधरावर आणली. टायरचे पोट सुटले. "अगदी आपल्या साहेबांसारखं!" वहिनी म्हणाली. तिने साहेबांना पाहिलेलेही नाही.

दुसऱ्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगाने, सुरेख चालले होते. इतके सुरेख, की आनंदाने थांबावेसे वाटले — आणि मी ब्रेक दाबला! चाकांपुढे वाळूची उशी तयार झाली, गाडी त्यात नाक खुपसून बसली. निघताना घाबरून ॲक्सिलरेटर दाबला, तर मागची चाके जागीच गरगरली आणि आणखी खाली गेली.

"अगं, पेपर आहे का हा? घंटा झाली आणि पेन खाली ठेवलं!" वहिनी ओरडली.

दोघींनी फावड्याने उकरले. नखांत, कानांत, दातांत वाळू. घरी आल्यावर आई काही बोलली नाही. फक्त माझ्या केसांवरून हात फिरवून तो परातीवर झटकला. टपटप आवाज आला. हे बोलण्यापेक्षा वाईट.

२० फेब्रुवारी

आज रुतले नाही. एकदाही नाही!

स्वतःसाठी लिहून ठेवते. वाळूत ब्रेक नाही — पाय उचलावा, वाळू स्वतःच थांबवते. थांबायचेच असेल तर उताराकडे तोंड करून. चढ सरळ छातीवर घ्यावा. तिरका घेतला तर गाडी लवंडते. वळण मोठे, संथ. हवा कमी असता झटक्याने वळले तर टायर रिमवरून सुटतो. आणि चाक जागीच फिरू लागले, की तत्क्षणी पाय वर! हट्टाने इंजिन तापते, गाडी हलत नाही. मग आपल्याच चाकोरीने मागे यावे — तिथली वाळू दबलेली असते — आणि पुन्हा जावे.

माघार घेऊन पुन्हा जाणे. हे मला शाळेत कुणी शिकवले नाही. तिथे पहिल्याच खेपेला पूर्ण गुण हवे असत.

२३ फेब्रुवारी

पैलवान दुकानात आला होता. खोल नक्षीचे चार टायर घेतले, सगळ्यांत महागडे. मला जिन्यावर पाहून म्हणाला, "काय शब्दकोश! जमतंय का?"

"जमतंय," मी म्हटले. "तुमचे टायर छान आहेत. विहीर खणायला."

बाबांना खोकला आला. खोटा! मी त्यांचा खरा खोकला ओळखते.

२८ फेब्रुवारी

उद्या. हवा आजच पंधरावर आणून ठेवली. घरापासून वाळू जवळच, तेवढा रस्ता हळू नेता येईल. फावडे, दोन फळ्या, पाणी, दाबमापक. आई जेवताना माझ्याकडे पाहत नव्हती.

बाबा म्हणाले, "झोप. सकाळी गाडी मी पुसून बाहेर काढून ठेवतो."

१ मार्च

सगळे क्रमाने लिहायचे.

स्टीअरिंग हलके लागत होते. मी तो शुभशकुन मानला. मूर्ख! दाबमापक खिशात होता, आणि मी शकुन पाहत होते!

पैलवान आधी गेला. पहिली टेकडी त्याने गर्जना करत पार केली आणि पलीकडच्या खोलगटात चारही चाकांनी खणत पोटापर्यंत उतरला. ट्रॅक्टरने ओढून काढला. साहेब त्याच ट्रॅक्टरवर बसून तपासत होते.

मग मी. पहिल्या चढावरच गाडी जड झाली, मागून बसू लागली. पाय वर. शांतता. उतरले. टायर टच्च फुगून उभा! मोजले — पस्तीस. दुसरा — पस्तीस. चारही.

क्षणभर वाटले, रडावे. मग वाटले, नंतर रडावे.

गुडघ्यांवर बसून एकेका व्हॉल्व्हची हवा सोडू लागले. ट्रॅक्टर शेजारी येऊन थांबला. पैलवान मागच्या ट्रॉलीत उभा.

"अडकलात म्हणजे संपलं," साहेब म्हणाले. "चला, दोर बांधा."

"नको."

"काय?"

"नियमात 'पोहोचणे' लिहिलं आहे, सर. 'न अडकता' असं कुठेही नाही." मी पुढच्या चाकाशी सरकले. "आणि आज ट्रॅक्टर आहे. केंद्रावर एकटी असेन तेव्हा नसेल. तो आत्ताही नाही असं मी धरते आहे."

ट्रॅक्टरवाला हसला. साहेब हसले नाहीत. पण दोरही टाकला नाही.

चाकांमागची वाळू ओढून काढली, फळ्या सरकवल्या. आपल्याच चाकोरीने मागे — पार पायथ्यापर्यंत. दुसरा गिअर. सरळ छातीवर. माथ्यावर पुढे नुसते आकाश दिसते, जमीन नाही. तिथे हात घट्ट धरायचा आणि पाय सैल. मग गाडी पलीकडे घसरत, तरंगत उतरली, आणि खोलगटातल्या त्या विहिरीला मोठा वळसा घालून मी केंद्राकडे गेले.

उपकरणांची पांढरी पेटी, वाऱ्याची दिशा दाखवणारा वातकुक्कुट, कुलूपबंद खोली. ब्रेक न दाबता थांबले. पेटीतले तापमान वाचले. वाचायला कुणी सांगितले नव्हते.

२ मार्च

बाबांना विचारले, टायरमध्ये हवा कुणी भरली? ते पंक्चरच्या टबावर वाकलेले. "हात गेला," म्हणाले. "गाडी बाहेर निघते म्हटलं, की पाइप हातात येतोच. सवय."

खरेच आहे. पेपरवाल्याच्या सायकलीतसुद्धा ते न विचारता हवा भरतात. वहिनी म्हणाली, "तू उन्हात जरा उभी राहिलीस तर तुझ्यातही भरतील." मी हसले. माझेच चुकले, मोजायला हवे होते.

राग आईवरच आहे. "पोहोचलीस ना शेवटी!" हे तिने असे म्हटले, जणू मी काही फोडून आले.

५ मार्च

नेमणूक! साहेबांची सही.

पैलवानाने रस्त्यात गाठून विचारले, "किती पौंड?" मी सांगितले. टायरही बदल म्हटले. या वेळी तो 'शब्दकोश' म्हणाला नाही.

९ मार्च

केंद्रावर पोहोचले.

सकाळी सामान भरले, इंजिन सुरू केले. बाबा खिडकीशी आले. म्हणाले, "त्या दिवशी हात गेला नव्हता. मुद्दाम भरली होती मी हवा." मग, "वाटलं, अडकशील. राहशील घरी."

आणि मी महिनाभर आईशी भांडत होते!

इंजिन बंद केले नाही. म्हटले, "आजही पस्तीस आहे. पंधरावर आणायची आहे. तुम्ही सोडा."

बाबा पहिल्या चाकाशी खाली बसले. मी समोर पाहत राहिले, फक्त आवाज ऐकला. चौथ्या चाकाशी त्यांना फार वेळ लागला. थांबले तेवढी. मग निघाले.