दोघांनीही वापरायचं नाही असं नाव

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे तसं लिहायची पद्धत आहे म्हणून ठीक.

फोन का केला नाही असं तू विचारशील. चाळीस वर्षं गवत कापायच्या मशीनमागे चाललो, त्याने कान नेले. फोनवर तू बोललीस काय आणि मशीन बोललं काय, मला सारखंच. शिवाय फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागदावर तुझा इलाज चालत नाही.

काम असं आहे. मागच्या वर्षी माझ्या लॉनच्या धंद्याचं एक पान इंटरनेटवर चढवून घेतलं. मजकूर मी स्वतः लिहिला, तीनदा तपासला. वर्ष झालं, त्या पानावरून एक गिऱ्हाईक आलेलं नाही. एक बाई आल्या होत्या, पण त्या पत्ता चुकल्या होत्या. तिकडे हिरव्या गाड्यांची ती मोठी कंपनी मात्र कोणी काही शोधायला बसलं की सगळ्यांत वर दिसते. त्यांची माणसं लॉन कापतात की भादरतात देव जाणे, पण फोन त्यांचाच वाजतो. आता त्यांनी मला निरोप धाडला आहे की तुमची चारही मशीनं आम्ही घेतो, तुम्ही आराम करा. ३१ मार्चपर्यंत उत्तर द्यायचं आहे. हंगाम तोंडावर आला आणि नवं गिऱ्हाईक एकही नाही. मला आराम करायचा नाही, भिंगरे. मी घरी बसलो तर तुझी मामी दोन दिवसांत मलाही मशीनांबरोबर कंपनीला देऊन टाकील.

लोक इंटरनेटवर कोणत्या शब्दांनी काय शोधतात ते काढून द्यायचं, हेच तुझ्या ऑफिसातलं काम ना? मग माझ्यासाठी काढ. आणि हे धाकट्याच्या कानावर जाता कामा नये. दोन वर्षांपूर्वी त्याचा-माझा संबंध संपला. मशीनं वाटून घेतली आणि ‘दोघे भाऊ लॉनवाले’ हे नाव दोघांपैकी कोणीही वापरायचं नाही असं कागदावर लिहून सह्या केल्या. साक्षीदार तुझी आई होती. ती सही करताना रडत होती, त्यामुळे सही वाचता येत नाही, पण ती तिचीच आहे.

आशीर्वाद आहेतच, काम झालं तर आणखी पाठवीन.
तुझा,
थोरला मामा

---

९ फेब्रुवारी

ती. थोरल्या मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुमचं पान वाचलं आणि पाणी प्यायला उठावं लागलं. ‘तृणाच्छादित परिसराचे शास्त्रोक्त संवर्धन व नियमन’ हे शब्द गेल्या वर्षभरात तुमच्या शहरात किती जणांनी शोधले, ते मी आमच्या यंत्राला विचारलं. उत्तर आलं शून्य. तुम्ही लॉन कापता हे त्या पानावरून कुणाला कळलं असेल तर तो माणूस संस्कृतचा मास्तर असणार, आणि त्याच्याकडे लॉन नसणार.

लोक खरं काय शोधतात ते सांगते. ‘गवत कापणारा माणूस जवळपास’. ‘लॉन आज कापून मिळेल का’. ‘लॉन पिवळं का पडतं’. ‘शेजाऱ्याचं गवत आपल्याकडे येतंय काय करावं’. यांना आम्ही कीवर्ड म्हणतो, आणि त्यात काही मोठी विद्या नाही. अडलेला माणूस जे शब्द टाकतो ते आपल्या पानावर हवेत, बस. ‘आज’ लिहिणाऱ्याकडे पाहुणे यायचेत, त्याला पान नको, फोन नंबर हवा. ‘का’ विचारणारा कंजूष असतो, तो लगेच बोलावत नाही. पण त्याला नीट उत्तर दिलंत तर तो तुम्हाला विसरत नाही.

तुम्हाला घरचा अभ्यास देते. नवं गिऱ्हाईक फाटकाशी आल्यावर पहिलं वाक्य काय बोलतं, ते आठवेल तसं लिहून पाठवा. सुधारू नका. आणि पानावरचा फोटो बदला. त्यातून धाकट्या मामाला तुम्ही कापलंत ते ठीक, पण त्याचं कोपर राहिलंय.

राग आला तरी लोभ आखूड कापू नये, ही विनंती.
तुमची,
भिंगरी

---

१४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
धाकट्या मामाचे आशीर्वाद, आणि एक टप्पल.

तुझ्या आईकडून कळलं की तू लोकांना शब्द शोधून देतेस. मलाही हवेत. माझ्या पानावर ‘स्वस्त! मस्त! झटपट!’ असं लिहिलंय. त्यावरून जी माणसं येतात ती चटईएवढं लॉन दाखवतात आणि मागचं अंगण फुकट करा म्हणतात. हिरव्या गाड्यांनी माझी शाळा नेली, दोन दवाखाने नेले. आणखी एक असा हंगाम गेला तर मी शेडला कुलूप लावणार. फोनऐवजी पत्र लिहितोय, कारण दादाला ऐकू येत नाही तसंच मलाही येत नाही. फक्त मी कबूल करत नाही.

दादाला यातलं काही सांगू नकोस. आमचं का तुटलं ते तू विचारणार नाहीस, पण तुला माहीत असावं म्हणून लिहितो. मोठ्या दवाखान्यापुढचं लॉन दादा तीन बोटं उंचीवर कापायचा. एक दिवस मी पातं खाली घेतलं, दोन बोटांवर कापलं, कारण दोन बोटांचं दिसतं सुरेख. पुढच्या आठवड्यात कडक ऊन पडलं आणि सगळं लॉन करपलं. चूक माझी. ती मी तुझ्यापाशी मान्य करतो. पण दादाने डॉक्टरीणबाईंसमोर, दोन नर्ससमोर आणि पाय प्लास्टरमध्ये घातलेल्या एका पेशंटसमोर माझ्याकडे बोट दाखवलं आणि सांगितलं की हे काम माझं नाही, याचं आहे. तीस वर्षं प्रत्येक काम आमचं होतं. जळालं तेवढंच माझं झालं. ते मला फार लागलं, अजून लागतं.

असो. शब्द पाठव. नाहीतर लहानपणी तू गवताच्या पोत्यात झोपली होतीस आणि आम्ही तुला कचऱ्याबरोबर टाकून येणार होतो, ती गोष्ट तुझ्या साहेबाला कळवीन.

माया आहे, पण ती सांगायची नसते.
तुझा,
धाकटा मामा

---

२० फेब्रुवारी

प्रिय धाकट्या मामा,
सा. न. वि. वि.

धमकी पोचली. साहेबाला कळव, त्यालाही वाटतं की टाकायला हवं होतं.

आधी ‘स्वस्त’ काढ. हा शब्द टाकणारी माणसं कापणीनंतर खाली वाकून पट्टीने मोजतात. त्याऐवजी तुला जे येतं ते लिही. तुमच्या शहरात पन्नासेक लोक दर महिन्याला ‘मशीनच्या पात्याला धार कोण लावून देतं’ असं शोधतात आणि त्यांना एकही पान सापडत नाही. हिरव्या गाड्यांना धार लावता येत नाही, ते पातं फेकून नवं घालतात. हा शब्द मोकळा पडलाय, तुझ्या नावाने पडलाय, उचल.

तुझ्या पानाचा अहवालही काढला. जानेवारीत एकतीस भेटी. खूश होऊ नकोस, रोज सकाळी साडेसहाला एकच माणूस येतो, चार मिनिटं थांबतो आणि जातो. तो कोण हे मला त्याने टाकलेल्या शब्दांवरून कळलं. आत्ता सांगत नाही, कारण अजून माझं हसून व्हायचंय आणि मग थोडं रडूनही व्हायचंय.

माया सांगितलेली बरी असते, तेव्हा ती लिहून कळवते.
तुझी,
भिंगरी

---

२ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तू सांगितलेले शब्द पानावर घातले. ‘तृणाच्छादित’ काढताना जिवावर आलं. दोन गिऱ्हाइकं आली, खोटं कशाला बोलू. पण दोन गिऱ्हाइकांवर चार मशीनं चालत नाहीत.

अभ्यास केला आहे. फाटकाशी लोक असं बोलतात. अहो, घरापुढे रान झालंय. सासरे यायच्या आत होईल का. काहीही करा पण त्या कोपऱ्यातल्या झाडाला हात लावू नका, ते ह्यांनी लावलंय. एका गृहस्थांनी काहीच न बोलता फक्त लॉनकडे बघितलं आणि मान हलवली, तो कीवर्ड कसा लिहायचा ते तू बघ. आणि सगळ्यांत जास्त जण काय विचारतात, तर तुम्ही ते दोघे भाऊ ना, दुसरे कुठे आहेत. त्यावर मी म्हणतो की ते दुसरीकडे असतात.

काल कंपनीचा माणूस मशीनं बघून गेला. त्याने पात्याला अंगठा लावून पाहिला आणि धार फार छान आहे असं म्हणाला. ती धार धाकट्याची आहे, वाटणीच्या आधीची. ते पातं मी जपून वापरतो, कारण मला तशी धार जमत नाही. हे तुला उगाच लिहिलं. महिनाअखेरीची वाट बघण्यात अर्थ नाही, पंधरा तारखेला कंपनीला होकार कळवून टाकतो.

आशीर्वादांना तरी अजून गिऱ्हाईक आहे, म्हणून पाठवतो.
तुझा,
थोरला मामा

---

७ मार्च

ती. थोरल्या मामांस आणि प्रिय धाकट्या मामास,
दोघांनाही एकच शि. सा. न. वि. वि., वाटून घ्या. तुम्हाला वाटणीची सवय आहे.

हे एकच पत्र मी दोन पाकिटांत घालून दोघांना पाठवतेय. फेब्रुवारीपासून मी तुम्हा दोघांचंही काम करतेय, एकाला न कळवता दुसऱ्याचं. आता शिव्या द्यायच्या तर द्या, पण आधी पुढचं वाचा.

तुमच्या शहरात लॉनबद्दल सगळ्यांत जास्त काय शोधलं जातं, माहितेय? ‘जवळपास’ नाही, ‘आज’ नाही, ‘पिवळं’ नाही. ‘दोघे भाऊ लॉनवाले’. महिन्याला दोनशे दहा वेळा. त्याखालोखाल ‘दोघे भाऊ लॉनवाले बंद झाले का’. दोन वर्षं लोक तुम्हाला नावाने हाका मारतायत, आणि तुम्ही दोघं सह्या करून दाराआड लपून बसला आहात. हे नाव तुम्ही सोडलंत, पण हिरव्या गाड्या तुमच्यासारख्या मानी नाहीत. गेल्या आठवड्यापासून त्यांनी त्या नावावर आपली जाहिरात लावली आहे. जो तुम्हाला शोधतो त्याला आता त्यांचा नंबर मिळतो. थोरले मामा, तुम्ही पंधराला त्यांना मशीनं देणार. नाव त्यांनी आधीच उचललं.

आता ते साडेसहाचं प्रकरण. धाकट्या मामा, तुझ्या पानावर रोज येणारा माणूस शोधायच्या जागी काय लिहितो, जसंच्या तसं देते: ‘स. न. वि. वि. धाकट्याच्या लॉनच्या धंद्याची हालहवाल कळावी ही विनंती’. अख्ख्या जगात इंटरनेटला नमस्कार घालून विनंती करणारा एकच माणूस मला माहीत आहे. आणि थोरले मामा, तुमच्या पानावरही रोज एकजण येतो. त्याला नमस्काराची सवय नाही. तो लिहितो, ‘दादा लॉन तीन बोटं’. काहीही शोधत नाही, नुसता टोमणा मारतो आणि तुमचा फोटो बघत बसतो.

मला तुमच्या दोघांच्याही लॉनचं काही पडलेलं नाही. मला माझे दोन्ही मामा एका दारात पाहिजेत. मला त्या दिवसांची फार आठवण येते आणि आईलाही येते.

मारायचं असेल तर दोघांनी मिळून यावं, ही विनंती.
तुमची दोघांची,
भिंगरी

---

१६ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद या वेळी मोजून देत आहोत.

तुझं पत्र वाचून मी तडक धाकट्याच्या शेडकडे निघालो. तो त्याचं पत्र घेऊन माझ्याकडे निघाला होता. रस्त्याच्या वळणावर गाठ पडली आणि तिथेच भांडण झालं. आम्हा दोघांना ऐकू येत नसल्यामुळे ते सगळ्या रस्त्याने ऐकलं. यंत्राकडे विनंती करून मागण्यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून समजलेलं नाही. माणूस असो वा यंत्र, काही मागायचं तर नीट मागावं.

(इथून पुढे धाकटा मामा लिहितोय. दादाने हे सांगितलं नसतं.) भांडून झाल्यावर दादा मला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंना बाहेर बोलावलं, नर्सनाही बोलवा म्हणाला. पेशंट नव्हता, त्याचा पाय केव्हाच बरा झाला. सगळ्यांसमोर दादाने सांगितलं की दोन वर्षांपूर्वी इथलं लॉन करपलं ते काम याचं नव्हतं, आमचं होतं. डॉक्टरीणबाई बिचाऱ्या गोंधळल्या. त्यांना काहीही आठवत नव्हतं, कोणतं लॉन असं त्यांनी विचारलं. मी बाहेर येऊन फाटकाला टेकून उभा राहिलो, कारण मला नीट दिसेना.

(पुन्हा थोरला मामा.) कंपनीला काल नकार कळवला. तुझ्या आईला बोलावून तो करारनामा तिच्या हातानेच फाडायला लावला, तेव्हाही ती रडलीच. उद्यापासून माझी चार आणि त्याची दोन, सहाही मशीनं एका शेडमध्ये राहतील. कापणी तीन बोटांवर होईल, धार तो लावेल.

आता तुझ्याविषयी. एकाच वेळी दोन गिऱ्हाइकांना फसवणं, एकाचं दुसऱ्याला न सांगणं आणि शेवटी दोघांचं दोघांनाही सांगून टाकणं, हे कोणत्याच धंद्यात बसत नाही. तेव्हा सर्वानुमते तुला आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे. यावर दोघांच्या सह्या आहेत.

यापुढे नुसती भाची म्हणून लोभ राहील, त्यात वाढ झाल्यास कळवू.
तुझे,
थोरला मामा
धाकटा मामा

ता. क. दोन्ही जुनी पानं काढून टाक आणि एकच नवं चढव, आम्हाला चढवता येत नाही. वर नाव घाल, ‘दोघे भाऊ लॉनवाले’. खाली मजकूर काय द्यायचा यावर दोन दिवस वाद झाला. ‘तृणाच्छादित’ पडलं, ‘झटपट’ही पडलं. आमचं एकमत फक्त एका ओळीवर झालं, तेवढीच घाल: बंद नव्हतो, भांडत होतो.