उंच कडीची दुर्बीण

३ ऑक्टोबर
लायसन्स आलं. गावातल्या पाच बंदुकांना मिळून यंदा एकच डोंगरी बोकड. म्हातारे काल्दीबाय म्हणाले, माझे गुडघे गेले, ही माझी शेवटची शिकार, ताश-कापका खिंडीतली जागा पुढे कोणाची ते यंदा ठरवून टाकतो.
त्या जागेवर माझे वडील एकोणतीस वर्षं बसले. ते गेल्यावर काल्दीबाय तात्पुरते बसले, माझा नेम तयार होईपर्यंत. त्याला अकरा वर्षं झाली. जागा माझीच आहे, फक्त जाहीर व्हायची बाकी आहे.
एसेनकुलही आशेवर आहे. माझा साडू. माझ्या बायकोच्या, बुरुलच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. तोंडावर साडूभाऊ, साडूभाऊ करतो. पाठीमागे काय म्हणतो ते कळलेलं नाही, पण म्हणत असणारच.
संकल्प : बंदुकीवर नवी दुर्बीण. रोज पहाटे नेमाचा सराव. कमी बोलणं.

६ ऑक्टोबर
बिश्केकहून दुर्बीण आणली. दुकानातली सगळ्यात मोठी. पुढची काच छप्पन मिलिमीटर, चहाच्या पेल्याएवढी. दुकानदार म्हणाला, आता ती बसवायच्या कड्या बघा, तीन उंचीच्या येतात, बुटकी, मधली आणि उंच. त्याला म्हटलं, घाई नको, विचार करून कळवतो. बहुतेक लोक इथेच चुकतात.
पहाटेचा सराव सोमवारपासून.

८ ऑक्टोबर
एसेनकुल न बोलावता चहाला आला. बंदूक हातात घेतली, खांद्याला लावली, दुर्बीण वर धरून बघितली. म्हणाला, साडूभाऊ, जितकी खाली बसेल तितकी बरी. पुढची काच नळीला टेकू देऊ नका, कागद सरकेल एवढी फट ठेवा, बस. डोळ्यासाठी मान उचलावी लागली की खेळ संपला. गाल लाकडाला चिकटलाच पाहिजे. वर म्हणाला, माझ्याकडे बुटक्या कड्यांची जादा जोडी आहे, पाठवतो.
नीट विचार केला. हा माणूस खिंडीतल्या जागेवर डोळा ठेवून आहे. तो मला खरं का सांगेल? आणि वर कड्या फुकट? एवढा प्रेमळ साडू अख्ख्या खोऱ्यात कोणाला नाही.
बुटकी कडी नको एवढं आज नक्की झालं.

१२ ऑक्टोबर
तरी त्याच्या कड्या लावून बघितल्या, आपल्या मनात किंतु नको. वडिलांची कोल्ह्याच्या कातड्याची टोपी घालून अंगणात आडवा झालो. डोळ्यासमोर नुसते केस. डोंगर नाही, आकाश नाही, नुसता कोल्हा.
एसेनकुल नेम धरताना टोपी काढून कोटात कोंबतो. त्याचं त्याला लखलाभ. वडिलांच्या जागेवर मी बोडक्या डोक्यानं बसणार नाही. टोपी उतरली की माणूस उतरला.
म्हणजे उंची टोपीवरून ठरते. इतकी साधी गोष्ट कोणाला सुचत नाही. फोनवर सात व्हिडिओ बघितले. सहा जण म्हणतात खाली बसवा. सातवा जरा अनुभवी दिसला.
उंच कड्या मागवल्या.

१९ ऑक्टोबर
बसवल्या. दुर्बीण नळीच्या चांगली वर आली. टोपी अजिबात आड येत नाही. रुबाब काही औरच.
किरकोळ अडचण : गाल लाकडाला टेकत नाही. हनुवटी टेकते. आईच्या घरचे सगळेच लांब चेहऱ्याचे, मी एकटाच वेगळा निघालो. उपाय सापडला. लाकडावर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीची, गादी बांधायची.
सराव नवीन महिन्यापासून.

२० ऑक्टोबर
घरात जाड नमदा एकच, बुरुलच्या आईनं लग्नात दिलेला शिर्दाक, नक्षीचा गालिचा. अंथरलेला असतो पेटीखाली. पेटीखालचा कोपरा कोण बघतं? वीतभर कापला.

२१ ऑक्टोबर
बुरुलनं बघितला.
चूल पेटवली नाही आणि बहिणीकडे गेली. म्हणजे एसेनकुलकडे. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं की माझ्या बंदुकीला माझ्या सासूबाईंचा गालिचा नेसवलाय. रस्त्यात काल्दीबाय भेटले, म्हणाले, ओरोझाली, बंदुकीला थंडी वाजते का रे?
घरातला माणूसच असा शत्रूच्या गोटात जाऊन बसला तर बाकीच्यांचं काय सांगावं.

२९ ऑक्टोबर
नेम लावला. शंभर पावलांवर पत्र्याचा डबा, मी अंगणातल्या टेबलावर बंदूक टेकवून. पाचातल्या तीन गोळ्या लागल्या. उरलेल्या दोन वाऱ्यानं नेल्या. वारा नव्हता, पण डब्याजवळ असू शकतो.
एसेनकुल कुंपणापाशी उभा राहून बघत होता. म्हणाला, टेबलावरून ठीक आहे हो. खिंडीत टेबल नसतं.
जळतो. चांगलं लक्षण आहे.

९ नोव्हेंबर
उद्या शिकार. मेंढपाळाच्या झोपडीत मुक्काम. काल्दीबाय सगळ्यांसमोर म्हणाले, उद्या खिंडीत ओरोझाली बसेल, त्याच्या बापाची जागा आहे, बघू. एसेनकुलला खाली ओढ्याकाठी बसवलं, जिथे बोकड दहा वर्षांत एकदा येतो. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. मोठ्या मनानं.
शेवटचं ते 'बघू' नुसतं बोलायची पद्धत असते.

१० नोव्हेंबर
बोकड आला. साडेनऊला. नव्वद पावलांवर आडवा उभा. वडिलांच्या दगडावर बंदूक टेकवली. टोपी आड नाही, केस आड नाहीत. दाढीचा केस न् केस दिसत होता.
गोळी झाडली. माझ्याच तोंडावर खडी उडाली.
बोकड खाली पळाला. मग खालून, ओढ्याकडून, बंदुकीचा एकच आवाज आला.
काल्दीबाय धापा टाकत वर आले. दगडावर ताजा पांढरा खड्डा पडला होता, बंदुकीच्या तोंडापासून वीतभर पुढे. त्यात बोट घातलं. म्हणाले, दुर्बीण दगडावरून बघत होती, पोरा, आणि नळी दगडाकडे. तुझा बाप नळीच्या पाठीवर डोळा ठेवायचा.
आज एवढंच.

११ नोव्हेंबर
सगळ्यांनी मिळून दगा दिला. नावं लिहून ठेवतो.
दुकानदार. उंच कड्या मागितल्यावर त्यानं एकदाही अडवलं नाही. सातवा व्हिडिओवाला. बुरुल. आणि दगड. वडिलांचा दगड, एकोणतीस वर्षं वडिलांना सांभाळलं, आणि माझ्या वेळेला आड आला.
पण खरा दगाबाज एसेनकुल. रात्रभर विचार करून आज उलगडा झाला. त्यानं पहिल्या दिवशीच खरं सांगितलं. खाली बसवा, गाल चिकटवा. त्याला ठाऊक होतं मी त्याचं ऐकणार नाही. म्हणूनच सांगितलं. खोटं बोलला असता तर मी वाचलो असतो.
याला दगा नाही तर काय म्हणायचं?

१३ नोव्हेंबर
दहा तारखेचं थोडं लिहायचं राहिलं होतं.
बुरुलला आज गोठ्यात टांगलेली मांडी सापडली. कुठून आली, म्हणाली. म्हटलं, माझा वाटा. ती म्हणाली, तुमचा टोळीतला वाटा एसेनकुलनं कालच आणून दिला, पुढचा पाय. मग ही कसली?
इथे वाचायला कोणी नाही, तेव्हा लिहितो.
खिंडीतून मी एकटाच पुढे निघालो होतो, मागच्या वाटेनं, कोणाचं तोंड बघायला नको म्हणून. पुलापाशी बुटात खडा गेला म्हणून बसलो. तेवढ्यात ते आले. घोड्यावर बोकड, पुढे एसेनकुल, मागे काल्दीबाय आणि बाकीचे दोघे. मी उठून उभा राहिलो. काहीतरी बोलायचं होतं. कड्यांबद्दल, दगडाबद्दल.
आमच्याकडे शिकार घेऊन येणारा दिसला की वाटेवरचा माणूस 'शिरालगा' म्हणतो, आणि शिकाऱ्याला नाही म्हणता येत नाही, वाटा द्यावाच लागतो. लहानपणापासून सगळ्यांच्या तोंडात बसलेला शब्द. गुराखी म्हणतात, म्हाताऱ्या म्हणतात, शाळेतून येणारी पोरं म्हणतात. शिकाऱ्यानं शिकाऱ्याला म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही.
मी तोंड उघडलं आणि तोच शब्द निघाला.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. काल्दीबाय घोड्याची आयाळ विंचरत राहिले. एसेनकुल उतरला, मांडी कापली, दोन्ही हातांनी पुढे केली. डोळ्यांत बघितलं नाही. मी घेतली. नको म्हटलं तर शिकाऱ्याचा अपमान होतो.
खिंडीतली जागा कोणाची, हे त्यानंतर कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.
बुरुलला म्हटलं, शिरालगा आहे. तिनं मांडी उतरवून घेतली, म्हणाली, हात धुऊन बसा, कांदा चिरते.