ऐंशीच्या चार पट्ट्या

२२ सप्टेंबर १९९७, सोमवार
शिरूर कासारच्या इतिहासात नोंद व्हावी असा दिवस. पुण्याच्या एका कंपनीत पेन्टियम आले म्हणून तिथले दोन जुने कॉम्प्युटर आमच्या कॉलेजला मिळाले. दोन्ही ३८६. एकच कंपनी, एकच मॉडेल, एकच पिवळट रंग. एक माझ्या ताब्यात, दुसरा गणिताच्या पौर्णिमा मॅडमच्या.
प्राचार्य भगवानरावांनी जाहीर केलं, संगणक विभाग काढायचा. प्रमुख कोण, ते खंडेनवमीला ठरेल. दसरा आला की गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. मागे राहणाऱ्या पोरांची होस्टेलची यादी त्याआधी लावावी लागते. तीनशे बारा अर्ज. ज्याचं मशीन यादी आधी लावील तो प्रमुख.
म्हणजे मीच. चौदा वर्षं फिजिक्स शिकवतोय. मॅडमना येऊन तीन वर्षं झाली.
संकल्प : रोज सकाळी एक तास मॅन्युअल वाचणे.

२३ सप्टेंबर
मॅन्युअल राहिलं. मशीनचं कव्हर शिवायला टाकण्यात सकाळ गेली. मरून रंग, पिवळी झालर. मॅडमच्या मशीनवर नुसता टॉवेल आहे. आवड लागते.

२५ सप्टेंबर, दुपारी १.१०
पहिली तुलना. पीटीचे धोंडीराम सर स्टॉपवॉच घेऊन आले. कॉम्प्युटर रूममध्ये चप्पल चालत नाही म्हटल्यावर मोज्यांवर उभे राहिले, पण शिट्टी वाजवूनच सुरुवात केली. पन्नास नावांची यादी. माझं मशीन ४१ सेकंद, मॅडमचं ४७.
सहा सेकंदांचा फरक! मशीन एकच, मग फरक कशाचा? हाताळणीचा. चौदा वर्षं गंमत म्हणून नाही गेली.

२६ सप्टेंबर
दोन्ही मशीन उघडून पाहिली. मेमरीच्या चार-चार पट्ट्या. माझ्या पट्ट्यांवर ६० लिहिलंय, मॅडमच्या पट्ट्यांवर ८०. नॅनोसेकंद.
थक्क झालो. ऐंशीचं मशीन असून बाई मागे! आणि मी साठवर पुढे! ऐंशी माझ्या हातात आल्या तर? साधं त्रैराशिक मांडलं : ४१ गुणिले ६० भागिले ८०. उत्तर पावणेएकतीस सेकंद. कागद पाकिटात ठेवला.
रात्री जेवताना बायकोला, कावेरीला, सगळं समजावून सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, “साठ न् ऐंशी कशाचे?” म्हटलं, नॅनोसेकंद. म्हणाली, “म्हंजे वेळच की. मंग कमी वेळ लागतो ते बरं न्हाई का? बीडची यष्टी दीड तासात पोचली तर आपण तिलाच चांगली म्हणतो.”
यष्टी आणि कॉम्प्युटर यांत फरक असतो हे तिला सांगितलं. “बरं” म्हणाली. शिक्षणाशिवाय काही खरं नाही.

२९ सप्टेंबर
मॅडमना ऑफर दिली. माझ्या साठ तुम्ही घ्या, तुमच्या ऐंशी मला द्या. कारण सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, तुम्ही नवीन आहात, साठ सांभाळायला सोप्या. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “सर, नक्की ना?” म्हणाल्या. म्हटलं, नक्की. “परत एकदा विचार करा सर. मी सांगू का, त्या आकड्याचं...” मी हात वर करून थांबवलं. समोरच्याला बोलू दिलं की सौदा फिसकटतो.
मग त्यांनी डेड स्टॉक रजिस्टर पुढे केलं. वस्तू एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली तरी त्यात नोंद लागते, खाली सही लागते. मी माझ्या हाताने लिहिलं, “वेग जास्त असल्याने ऐंशीच्या चार पट्ट्या माझ्या मागणीवरून घेतल्या, साठच्या दिल्या.” लफ्फेदार सही.
मॅडम रजिस्टर मिटताना खोकल्या. हवा बदलतेय.

३० सप्टेंबर
शहादेव पेंटरकडे पाटी टाकली. “प्रा. सोमेश्वर, संगणक विभागप्रमुख.” पत्र्याची, निळ्यावर पांढरं. त्याने विचारलं, “ऑर्डर निगाली का सर?” म्हटलं, निघाल्यात जमा.

३ ऑक्टोबर
नवीन पट्ट्या बसवून मशीन सकाळी सुरेख चाललं. दुपारी अडकलं. स्क्रीनवर ‘पॅरिटी एरर’, म्हणजे मेमरीत चूक. बंद करून गार केलं, पुन्हा चालू झालं. ताकद वाढली की उष्णता वाढणारच. हे फिजिक्स आहे.
मशीनबरोबर आलेल्या कागदावर कंपनीच्या माणसाने पेनाने लिहिलंय, “८० असल्यास वेट स्टेट १ ठेवणे.” वेट म्हणजे थांबणे. माझं आहे शून्यावर. ऐंशीने का म्हणून थांबायचं? शून्यच ठेवलं.

६ ऑक्टोबर
वेळ लावून पाहिली. तीनदा अडकलं. चौथ्यांदा ४१. पावणेएकतीस यायला हवे होते. पट्ट्यांना अजून माझी सवय नाही.

८ ऑक्टोबर
छातीत थोडं धडधडतंय. ॲसिडिटी असावी.
मॅडमकडे सहज गेलो. म्हटलं, तुम्हाला साठ जड जात असतील तर परत घेतो, संकोच करू नका. त्या म्हणाल्या, छान चालल्यात की, वेट स्टेट शून्य करून घेतलंय, आता ४१ येतात. शिवाय रजिस्टरला नोंद झालीय, बदलायची तर प्राचार्यांची मंजुरी लागेल, कारण लिहून. “कारण काय लिहू सर?”
मला तास होता. निघालो. (तास नव्हता.)

१० ऑक्टोबर, खंडेनवमी, सकाळी ८
मशीनला हळदकुंकू, झेंडूचा हार. पाटी पेपरात गुंडाळून बरोबर घेतली. कावेरी म्हणाली, “आदी निकाल लागू द्या की.” आत्मविश्वास या गोष्टीची तिला सवय नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
लिहायची इच्छा नाही. पण रोजनिशी आहे.
परीक्षा सकाळी दहाला होती. आरती, नारळ, प्राचार्यांचं भाषण, यात दीड वाजला. पत्र्याची खोली भट्टीसारखी तापलेली. बाहेर होस्टेलच्या पोरांचे आईबाप यादीसाठी उभे. कोयते, गाठोडी सगळं बांधून. ट्रक संध्याकाळचा.
धोंडीराम सरांनी शिट्टी मारली. मॅडमचं मशीन चालत राहिलं. माझं सव्वीस सेकंद चाललं आणि ‘पॅरिटी एरर, सिस्टम हॉल्टेड’. पुन्हा केलं, पुन्हा हॉल्टेड. हार काढून पाहिला. तिसऱ्यांदा स्क्रीन काळा झाला. तोवर मॅडमच्या प्रिंटरची करकर सुरू झाली होती. तीनशे बारा नावं. बाहेर धाकल्या पोराला कडेवर घेतलेली पारूबाई म्हणत होती, “माझ्या जीवनचं नाव आलं का वो बाई?” मॅडम म्हणाल्या, आलं, सतरावं. ती बाई रडायला लागली. तेव्हा मी माझ्या मशीनकडे बघणं सोडलं. ती यादी माझ्यावर सोपवली असती तर लागली नसती, आणि ट्रक काही थांबला नसता.
मी म्हणालो, पट्ट्यांत दोष आहे. प्राचार्य म्हणाले, “कुणी दिल्या?” मॅडमनी रजिस्टर पुढे केलं. भगवानरावांनी मोठ्याने वाचलं, “वेग जास्त असल्याने... माझ्या मागणीवरून.” मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “सोमेश्वरराव, अक्षर लई छान हाय तुमचं.”
धोंडीराम सरांना काहीच कळेना. विचारू लागले, “सर, माझ्या शंभर मीटरमधी बारा सेकंदवाला पयला येतो. तुमच्यात पंधरावाला येतो का?”
विभागाची किल्ली मॅडमना मिळाली. त्यांनी माझी माफी मागितली, तेव्हा फारच वाईट वाटलं. पाटी काखेतच होती.

१३ ऑक्टोबर, सोमवार
अकरावीचा तास. मापन हा धडा. चौदा वर्षांपूर्वी काढलेल्या वहीतून नोट्स दिल्या. पान चौथं, माझंच अक्षर, खाली लाल रेघ : “नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जांश. आकडा जितका मोठा, तितका वेळ जास्त.”
वाचता वाचता थांबलो. पोरं पेन धरून बसली. ही ओळ मी दर वर्षी दोनदा लिहून देतो. लाज वाटली. “पुढे?” असं कुणीतरी म्हणालं. म्हटलं, रेघ मारा.
घरी येऊन कावेरीला सांगितलं. ती हसली नाही, हे जास्त लागलं. एवढंच म्हणाली, “यष्टीचं बोल्लेते मी.”

१५ ऑक्टोबर
मॅडमनी बोलावलं होतं. माझ्या मशीनचं वेट स्टेट एकवर ठेवलं, आता दुपारीही चालतं. ४७ सेकंद. म्हणाल्या, रूमच्या दारावर एक सूचना हवी, सर, तुमचं अक्षर चांगलं आहे. पत्रा आहे का कुठे?
होता. पालथा घातला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ब्रशने लिहिलं, “चपला बाहेर काढाव्यात.” दारावर ठोकला. माझं नाव दाराकडे तोंड करून आहे, निळ्यावर पांढरं.
मग आत जायचं होतं म्हणून चपला काढल्या.