बोट आली, अशी नोंद

राजधानी, ४ फेब्रुवारी

चि. घुम्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

मी खुशाल आहे, तिकडची खुशाली कळव. टेलिफोनच केला असता, पण पोस्टातल्या त्या टेलिफोनला सगळं बेट कान लावून बसलेलं असतं, म्हणून पत्र.

ताई निवडून गेली ती तिकडचीच झाली, असं आई म्हणते म्हणे. तिला सांग, इथली माझी खोली इतकी अरुंद आहे की कपाट उघडायचं तर पलंगावर चढावं लागतं. सभागृहात माझी जागा शेवटून दुसऱ्या रांगेत, खांबाआड. अध्यक्षांना दिसावं म्हणून आधी मान, मग हात आणि मग सगळीच्या सगळी मी बाहेर काढते.

काल एकदाचा माझा पहिला प्रश्न पुकारला गेला. आपल्या नर्सबाईंची जागा ३१ मार्चला बंद करून किनाऱ्यावरच्या दवाखान्यात का हलवता, असं मी विचारलं होतं. मंत्र्यांनी उभं राहून उत्तर वाचलं. म्हणे, गेल्या वर्षी बेटावर ३१८ दिवस बोट आली. वर्षातून तीनशेच्या वर दिवस बोट येते ते बेट नियमाप्रमाणे दुर्गम ठरत नाही, आणि जे दुर्गम नाही तिथे मुक्कामी नर्स द्यायची गरज नाही. रोग्याने बोटीत बसून यावं. एवढं वाचून ते खाली बसले आणि मागची बाकं वाजली.

अरे, ३१८! शपथ घ्यायला निघाले तेव्हा मी स्वतः चार दिवस बॅगेवर बसून होते. राग तर आलाच, पण त्याहून जास्त नवल वाटतंय. हा आकडा कुणी, कुठे बसून काढला असेल? अधिकृत नोंदींवरून, एवढंच सांगितलं. कुठल्या नोंदी ते विचारेपर्यंत वेळ संपली. तू धक्केदार, बोटीची वही तुझ्याकडे असते. जरा मोजून खरा आकडा कळव, म्हणजे मंत्र्यांच्या तोंडावर ठेवते.

आईच्या पायाची जखम कशी आहे? दिवसाआड पट्टी बदलली जाते ना? साखर वाढू देऊ नकोस, आणि नर्सबाई गेल्या तर काय हा विषय तिच्यापुढे काढू नकोस.

तुझ्या मौनावरही लोभ असलेली,
ताई

—

बेट, १३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल हाती आलं. आई म्हणाली, खांबाआडच बसवायचं होतं तर एवढी मतं कशाला मागितली. पायाला आराम आहे. टाचेकडची बाजू अजून ओली आहे, पण नर्सबाई म्हणतात की पट्टी चुकली नाही तर दोन महिन्यांत भरेल. चुकली तर काय, हे त्या सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही.

सांगितल्याप्रमाणे वही काढून बसलो. एकदा मोजलं, विश्वास बसेना म्हणून परत मोजलं. ताई, ३१८च भरतात. मंत्र्यांचं बरोबर आहे गं. तू उगाच त्यांच्याशी भांडू नकोस, तुझीच फजिती व्हायची. मलाही नवल वाटलं की एवढ्या मोठ्या माणसाला आपल्या बोटीचा हिशोब इतका पाठ कसा!

बाकी नेहमीचंच. गेल्या आठवड्यात गुरुवारी बोट आली तेव्हा नर्सबाईंची औषधांची पेटी डेकवर स्पष्ट दिसत होती. धक्क्याच्या तोंडाशी पाणी उसळत होतं. बोट हाकणाऱ्या सारंगाने दोनदा ती आत घालून पाहिली, दोरही फेकला, पण माझ्या हातात काही सापडला नाही. शेवटी पेटीसकट परत गेले. नर्सबाई काठावर उभ्या राहून पेटीकडे अशा बघत होत्या की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविवारी एकदाची पेटी उतरली.

तुझ्या सभागृहात प्रश्नांना खरंच नंबर असतात का? आणि उत्तर पटलं नाही तर काय करतात? हे सविस्तर लिही.

माया आहेच, पत्रातूनही येत राहू दे.
तुझा घुम्या

—

राजधानी, २२ फेब्रुवारी

चि. घुम्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना गुरुवारपाशी अडखळले. बोट पेटीसकट परत गेली, तरी ती आली? त्या दिवशी वहीत काय लिहिलंस रे?

तुझं उत्तर यायला आठवडा लागणार, तेवढा मला धीर नव्हता. इथे तळघरात नोंदणी शाखा आहे. तिथले कारकून फार सज्जन, भेटायला कुणी जात नसल्यामुळे मला बघून हरखून गेले. त्यांनी आपल्या बेटाचा गठ्ठा काढला, आणि बघते तर पानोपानी तुझंच अक्षर! पोटाशी गाठ मारल्यासारखा तो तुझा ‘आ’ मी कुठेही ओळखीन. तू दर महिन्याला वहीची नक्कल पाठवतोस आणि हे गृहस्थ ‘आली’ दिसलं की लाल पेन्सिलीने ठिपका देतात. ठिपक्यांची बेरीज मंत्र्यांकडे जाते. आलेल्या बोटीतून माणसं उतरली का, अशी शंका कधी आली नाही का, असं मी विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि मला समजावलं की बाई, आली म्हणजे आली.

मग मला बाबा आठवले. ते धक्केदार होते तेव्हा टेकाडामागून बोट दिसली की आपण पोरं आली आली म्हणून ओरडायचो आणि ते लगेच वहीत लिहायचे. धक्क्याला लागायची वाट बघायचे नाहीत. बोट दिसली, म्हणजे बुडालेली नाही, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं, असं त्यांचं म्हणणं. तूही अकरा वर्षं तेच लिहीत आलास. आपल्यासाठी ‘आली’ म्हणजे दिसली. तळघरात ‘आली’ म्हणजे उतरा खाली आणि जा दवाखान्यात.

आता खरी अडचण. ११ मार्चला मला पुरवणी प्रश्न विचारता येईल. विचारला तर पहिलं बोट तुझ्याकडे दाखवलं जाईल. अकरा वर्षं चुकीची नोंद, म्हणजे नोकरीवर गदा. नाही विचारला तर नर्सबाई जातील आणि आईचा पाय... मी इतरांना प्रश्न विचारायला आले आणि स्वतःलाच उत्तर देता येत नाही. तू नको म्हणालास तर तोंड उघडणार नाही, तुझी शपथ. पण नऊ तारखेच्या आत कळव.

काळजीत असलेली,
ताई

—

बेट, २ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुझाच राग आला. मग वाटलं, तळघरात जाऊन त्या कारकुनाची लाल पेन्सिल मोडावी. मग वही उघडली आणि तोंडचं पाणीच पळालं. गुरुवारच्या पुढे ‘आली’. गेल्या वर्षी ज्या सोमवारी आपल्या मागचं घर जळत होतं आणि मदत घेऊन आलेली बोट न लागताच परत गेली, त्या दिवशीसुद्धा ‘आली’. मीच लिहिलंय, झोपेत नाही, चांगला जागेपणी.

आईला सांगायचं नव्हतं, पण माझा चेहरा बघून तिने काढून घेतलंच. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, तुझ्या बाबांनी बोटीवरच्या माणसांच्या काळजीने लिहिलं, ते बरोबरच होतं. पण काठावरच्या माणसांचं कुणी लिहिलंच नाही, ते तू लिही. मग पाय पुढे करून म्हणाली की हा पाय माझा आहे, त्याच्यासाठी नोकरी घालवायची नाही, आणि त्याच्यासाठी खोटंही राहू द्यायचं नाही, आता काय ते तुम्ही दोघं बघा. आईचं हे असं असतं!

बोट लागते त्या दिवशी उतारूंची अर्धी तिकिटं मी घेतो आणि डब्यात टाकतो, कशासाठी ते मलाही माहीत नाही. नर्सबाई आणि मी दोन संध्याकाळ बसून ती तारखेप्रमाणे लावली. गेल्या वर्षी बोट धक्क्याला लागली ती १९७ दिवस. सोबत यादी आहे, त्यावर नर्सबाईंची सही. खाली मी लिहिलंय की ‘आली’ म्हणजे दिसली, असा अर्थ मी धरला, आणि तो कुणाला कधी सांगितला नाही ही चूक माझी. त्याखाली माझी सही.

नोकरीची भीती वाटते, ते लपवत नाही. मला धक्क्याशिवाय दुसरं काही येत नाही. पण भावाला विचारून प्रश्न विचारणार असशील तर बेटाने तुला कशाला पाठवलं? विचार. खांबाच्या बाहेर येऊन विचार.

आशीर्वादाची आत्ता जास्तच गरज असलेला,
घुम्या

—

राजधानी, १२ मार्च

चि. घुम्यास अनेकानेक आशीर्वाद.

विचारला. ‘आली’ या शब्दाचा शासन काय अर्थ समजते, एवढाच प्रश्न. आधी हशा पिकला. कुणीतरी मागून म्हणालं की बाईंना व्याकरणाच्या खात्याकडे पाठवा. मंत्रीही हसले. मग मी तुझी यादी वाचली. औषधाची पेटी वाचली, आगीचा सोमवार वाचला, आणि हसू हळूहळू विरलं. ही वही लिहिणारा माझा सख्खा भाऊ आहे, हेही मीच सांगितलं, दुसऱ्या कुणी सांगण्याआधी. खांबाला धरून उभी होते, म्हणजे तो अगदीच बिनकामाचा नाही.

मंत्र्यांनी बऱ्याच चिठ्ठ्या चाळल्या. शेवटी सांगितलं की तिकिटांचे तुकडे हा काही शासकीय पुरावा नव्हे, तेव्हा एक अधिकारी बेटावर जाऊन प्रत्यक्ष पाहणी करतील. त्यांचा अहवाल येईपर्यंत नर्सबाईंची बदली थांबवली आहे. आणि धक्केदाराला कारणे दाखवा नोटीस, तीही हेच साहेब तुझ्या हाती देतील. मला माफ कर.

साहेब स्वभावाने कसे आहेत, कुणालाच सांगता येत नाही. नीट वाग, सगळं दाखव.

तुझा फार अभिमान वाटतो. तो जपून ठेव, नेहमी सांगणार नाही.
ताई

—

बेट, २५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल साहेब आले. म्हणजे बघ, आता मला हा शब्दच लिहवत नाही.

सकाळपासून धक्का धुऊन ठेवला होता. मी धुतलेला शर्ट घालून, बगलेत वही आणि हातात तिकिटांचा डबा घेऊन उभा. नर्सबाई, आई खुर्चीत, मागे अर्धं बेट. पावणेअकराला टेकाडामागून बोट दिसली. साहेब पुढेच उभे होते, छातीला फाईल धरून. पाणी फार वाईट होतं असंही नाही, आपल्याकडचं नेहमीचंच. सारंगाने तीनदा प्रयत्न केला. एकदा तर साहेब इतके जवळ होते की त्यांच्या शर्टाची बटणं मोजता आली असती. मी ओरडून नमस्कार केला. त्यांनीही हात उचलला, पण तो लगेच कठडा धरायला लागला. बोट धक्क्याला काही लागली नाही, साहेबांना मात्र चांगलीच लागली. बिचारे वाकले ते वर आलेच नाहीत. चाळीस मिनिटांनी बोट वळली. कुणी हसलं नाही गं. आईने तर आल्याचा तुकडा चघळा म्हणून ओरडून सांगितलं, ते काय ऐकू जातंय!

वहीत मी आता दोन रकाने आखलेत, दिसली आणि लागली. पहिल्यात हो लिहिलं, दुसऱ्यात नाही.

नोटीस त्यांच्या फाईलमध्येच परत गेली. पण आता धास्ती वेगळीच आहे. परत येण्याचं नाव ते काढतील असं वाटत नाही. चारचौघांत असं झालेल्या माणसाला लाज वाटली, किंवा दौरा पूर्ण दाखवायचा असला, तर तो कागदावर काहीही लिहील. पाहणी केली, सगळं ठीक, असं एक वाक्य लिहिलं की नर्सबाई गेल्या आणि मीही गेलो. तुला काही कळलं तर लगेच लिही. आई रोज विचारते आणि मी रोज विषय बदलतो.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून,
घुम्या

—

राजधानी, ६ एप्रिल

चि. घुम्यास आणि ती. आईस,

पत्र दोघांना मिळून लिहितेय, म्हणजे घुम्याला मोठ्याने वाचावं लागेल.

अहवाल आज सभागृहात ठेवला. नर्सबाई राहणार. नुसत्या यंदा नाही, जागाच कायम झाली. सगळ्या बेटांच्या वह्यांना आता दोन रकाने येणार आहेत. तळघरातले कारकून मला मुद्दाम शोधत वर आले आणि निळ्या पेन्सिलीची मागणी केल्याचं सांगून गेले. नोटीस बजावता आली नाही, कारण जिच्यावर बजावायची ती व्यक्ती समोर दिसत असूनही तिच्यापर्यंत जाण्याची सोय नव्हती, असं साहेबांनी लिहिलंय. पुढे, ती रद्द करावी, अशी शिफारस. घुम्या, तुझा धक्का तुझ्याकडेच राहिला. मला हे लिहिताना रडू येतंय, तेवढं मोठ्याने वाचू नकोस.

दोन महिने मी त्यांना जे समजावत होते, ते साहेबांनी एका ओळीत लिहिलं. मंत्री ती वाचून थांबले, आणि त्यांनी ती पुन्हा एकदा वाचली. बाकं वाजली नाहीत. ओळ अशी आहे: दिनांक २४ मार्च रोजी मी बेटावर आलो, परंतु पोहोचलो नाही.

तुम्हा दोघांची,
ताई