छत्री कारखान्याची वाटणी

लिहून ठेवणार मी, गल्लीतले छत्रीवाले आजोबा. डोके ठिकाणावर आहे; थोरल्याला शंका असल्याने डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दडपण कोणाचेही नाही. बायकोचे होते, ते तिच्याबरोबर गेले.

एक. राहते घर थोरला आणि धाकटी या माझ्या दोन्ही लेकरांना समान. बँकेतली ठेव सुनेला. मी शाळेत पाठ केलेल्या कविता तिने हूं की चूं न करता वर्षानुवर्षे ऐकल्या.

दोन. मुठी वाकवायचे साचे नि शिवणयंत्र शेजारच्या शिंप्याला. माझी जांभळी छत्री नेऊन तो विसरला आहे, तीही त्याचीच समजावी.

तीन. कारखाना. विटांच्या एकाच लांब कमानीखालचे ते दालन. थोरला म्हणतो, "बाबा, बिल्डर तयार आहे. पडक्या भिंतींना कोण विचारतं?" जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसा समितीच्या बाईही म्हणाल्या, "जुनी आहे हो, पण विशेष काय?" मी त्यांना दाराशी उभे केले आणि पार मागच्या भिंतीकडे तोंड करून त्यातलीच एक कविता पुटपुटलो. दुसरी ओळ आठवेना. ती दाराकडून आली. मग बाई म्हणाल्या, "पुढचं कडवं म्हणा."

माझे लग्नही या कमानीनेच जुळवले. मागच्या भिंतीशी मी मित्राच्या कानात सांगितले, मुठी बसवणारी ती मला आवडते. ती दाराशी होती. "मग आईंना पाठवा घरी," एवढेच म्हणाली.

म्हणून कारखाना दोघा भावंडांच्या नावे. विकायचा झाल्यास आधी थोरल्याने दाराशी उभे राहावे, धाकटीने मागच्या भिंतीशी, आणि तिने मनातले हळूच बोलावे. ऐकू आले नाही तर खुशाल विकावा. आले, तर बहिणीला उत्तर देऊन मगच सही करावी.

चार. मेहुण्यांना काही नाही. बिल्डर त्यांनीच थोरल्याला गाठून दिला. "कविराज, कमान बोलते हे तुमच्या मनाचे खेळ," असेही म्हणतात. घरात हाक मारली तर त्यांना ऐकू येत नाही, हे खरे. साक्षीदाराला वाटा मिळत नाही असे वकीलसाहेबांनी सांगितले, त्याच क्षणी मी साक्षीदार निवडला.

वरील मजकूर मी मागच्या भिंतीशी उभा राहून, हलक्या आवाजात वाचला. साक्षीदार दाराशी होते.

स्थळ: कमानीखाली. गुरुवार, ९ डिसेंबर २०२१.
सही: छत्रीवाले

साक्षीदार:
१. डॉक्टर. सर्व ऐकले. सही.
२. मेहुणे. चौथे कलमसुद्धा ऐकू आले, कविराज. सही.