लागत नाही

२ सप्टेंबर
आज पुन्हा तेच! तेजू रांगत याडीपाशी गेली. याडी म्हणजे माझ्या सासूबाई, बसंतीबाई. आमच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात, मीही तेच म्हणते. पोरीनं घागऱ्याचं टोक धरलं. त्यांनी ते सोडवून घेतलं आणि उठून बाहेर गेल्या. आठ महिन्यांची झाली तेजू. एकदाही मांडीवर घेतलं नाही.
मुलगी झाली म्हणून. दुसरं काय!
ह्यांना फोन केला. शाम पांढरकवड्याला ट्रकच्या गॅरेजात कामाला आहेत. म्हटलं, तिकडं खोली बघा. मला इथं राहायचं नाही.

६ सप्टेंबर
बघतो म्हणाले.

११ सप्टेंबर
न्हाणीपाशी याडी ओढणी काढून डोकं पुसत होत्या. केसांत पांढरा कोंडा, थरच्या थर. कोपरं लाल, वर चांदीसारखे पापुद्रे. मला पाहताच ओढणी घेतली. म्हणाल्या, "जवळ येऊ नको. गजकर्ण आहे."
कधीपासून, ते सांगेनात. वेगळं ताट, वेगळा साबण — मी आजवर तो तोरा समजत होते. पत्र्याच्या डब्यात मलमाच्या ट्यूबा निघाल्या, कुणी कुणी सांगितलेल्या.
उद्या पुसद. त्या नाही म्हणतात. मी नेणार — रागानं का होईना.

१२ सप्टेंबर
जाऊन आलो. चामडीच्या डॉक्टर आहेत तिथं, वर्षा म्याडम. त्यांनी मोबाईलला एक उजेडाचं भिंग लावलं आणि याडीच्या कोपरावर टेकवलं. पडद्यावर कातडं हे एवढं मोठं! गुलाबी जमीन, त्यावर बारीक लाल ठिपके, सगळे सारख्या अंतरावर. याडी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कशिद्याचे टाके घातल्यावानी दिसून राह्यलं."
म्याडम हसल्या. हे ठिपके म्हणजे बारीक रक्तवाहिन्या. सगळीकडे अशा सारख्या पसरलेल्या असल्या तर बहुतेक सोरायसिस. डोक्यावरही भिंग फिरवलं. गजकर्णात केस तुटतात, वेडेवाकडे वळतात, तसे नव्हते. तरी खात्रीसाठी थोडा कोंडा खरवडून तपासला. बुरशी नाही. आजार कायमचा जात नाही, पण आटोक्यात राहतो, म्हणाल्या. जुन्या ट्यूबा बंद.
औषध कसं लावायचं, पथ्य काय, याडीनं काहीच विचारलं नाही. एकच विचारलं.
"नातीले घेतलं तं तिले लागन का?"
"लागत नाही, आजी. कोणालाच लागत नाही. खुशाल घ्या."
मी फरशीकडं बघत बसले. एवढे दिवस मी काय काय समजत होते!
घरी आल्यावर तरी याडीनं हात धुतले. पुन्हा धुतले. मग बाजेवर बसली आणि दोन्ही हात पुढं केले. तेजू सरळ गेली. याडी तिच्या टाळूवर नाक टेकवून आमच्या गोरबोलीत काहीतरी पुटपुटत राहिली. मला नीट ऐकू आलं नाही. ऐकायला गेलेही नाही — चुलीत उगाच लाकडं सारत बसले.

१५ सप्टेंबर
पोर आता माझ्याकडं येतच नाही.

२० सप्टेंबर
ह्यांचा फोन. खोली मिळाली, वरच्या मजल्यावर, हवेशीर. मी म्हटलं, राहू द्या.
"काहून? तूच तं मांगं लागली होती."
फोनवर काय सांगणार? म्हटलं, सुट्टी काढून या. तुमच्या आईला बघा एकदा.

२५ ऑक्टोबर
पुन्हा भिंगाखाली. म्याडमनी मागचा फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवले. ठिपके विरळ झालेत. पापुद्रे जवळजवळ नाहीतच. याडीनं दोन्ही फोटो माझ्या मोबाईलवर घ्यायला लावले आणि बसस्टँडवर शेजारच्या तांड्यातल्या एका बाईला दाखवले. इतकी वर्षं ओढणीखाली लपवलेलं!

१८ डिसेंबर
थंडीनं घात केला. कोपरं पुन्हा लाल. भिंगातही ठिपके दाटलेले दिसले. हिवाळ्यात होतं असं, म्हणून म्याडमनी औषध बदलून दिलं. रडू आलं मला. वाटलं, आता ताट परत वेगळं होणार, पोर परत खाली.
बसमध्ये बसलो तर याडीनं तेजूला माझ्याकडून ओढून घेतलं. म्हणाली, "कायले रडतं? लागत तं नाही ना कोणाले."

९ जानेवारी
तेजू आज बोलली. पहिला शब्द — याडी. मी भाकर तव्यावर तशीच टाकून धावले.
ती माझ्याकडं बघतही नव्हती.