शनिवारची बाटली

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझ्या पोटात दुखायचं थांबलेलं नाही. राग म्हटलं असतं तर बरं दिसलं असतं, पण हा राग नाही, निव्वळ जळफळाट आहे. सातवीत दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही ओढ्यावर जायचात, काचेच्या बाटलीत पाणी भरून उन्हात धरून बघायचात. आणि सोबत न्यायचात तिला. पहिल्या बाकावरची मी, विज्ञानात तिच्या पुढे असलेली मी, आणि नेलं कुणाला, तर खालच्या वस्तीवरच्या मेंढपाळाच्या मुलीला, जी रोज प्रार्थना संपल्यावर उगवायची. अहो, ओढ्यात पाणी यायचं आमच्याच डाइंग हाऊसमधून की. चादरीचं सूत लाल रंगवलं की ओढा लाल, हिरवं रंगवलं की हिरवा, आणि संध्याकाळी तिच्या मेंढरांची तोंडं त्याच रंगाची. आज कुठला रंग येणार ते मी घरबसल्या सांगितलं असतं, पण विचारतंय कोण! मी गच्चीवरून बघत बसायचे. एकदा तुमची छत्री तिच्या डोक्यावर होती आणि तुम्ही उन्हात. ते मला अजून दिसतं.

माझे वडील, नायना, गेले आणि डाइंग हाऊस माझ्याकडे आलं. तोवर ती ओढ्याच्या मागे लागलेली होती. बायका गोळा केल्या, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, आणि शेवटी आम्हा सगळ्या डाइंगवाल्यांसाठी एक प्लांट उभा राहिला. रंगाचं पाणी आधी तिथं न्यायचं, साफ करायचं, मगच ओढ्यात सोडायचं. प्रत्येक सभेत ती 'आमच्या बाई' म्हणून तुमची आठवण काढते. आमच्या म्हणजे तिच्या. खर्चाला भिऊन कुणी पाइप जोडेना, तेव्हा पहिला मी जोडला. लोक म्हणाले, केवढं मोठं मन. कसलं मन! तुमचं राहिलेलं काम तिनं एकटीनं पुरं करावं, हे मला बघवेना.

परवा ती कारखान्यात आली होती. भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आम्ही दोघी हौदाशेजारी जेवायला बसलो. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते मी विचारलंच, की बाई तुलाच का न्यायच्या.

"तुजं नाव मीच काढलं हुतं," ती म्हणाली. "बाई म्हणल्या, तिला नको बोलवू. तिच्या बापाचं पाणी तिच्याच हातात कशाला द्यायचं?"

माझ्यासाठीच केलंत, कळलं. पण बाई, एकदा विचारायचं तरी. नायनांची बोलणी खाल्ली असती आणि आले असते. आणि माझी एवढी काळजी होती, तर ती बोलून दाखवलीत कुणापाशी? तिच्यापाशीच ना!

आज शनिवार. मी एकटीच ओढ्यावर जाऊन आले, तिला कळवलं नाही. बाटली भरली आणि उन्हात धरली. अजून पिवळसर झाक आहे, पण काचेपलीकडे माझी बोटं दिसत होती. बाई, आता माझी बाटली बघा, असं मोठ्यानं म्हटलं.

हे कुठं टाकायचं पत्र नाही, ठाऊक आहे मला. तिलाही दाखवणार नाही. दाखवलं तर तीपण तुम्हाला लिहायला बसेल.